पाणी चावतं

टोबिन, वय वर्षं आठ, कोपराला खरचटलेलं,
तलावातून बाहेर येऊन म्हणाला, पाणी चावतं.
आजीने, म्हणजे लोरीन हॅस्केटने, पाण्यात हात फिरवून पाहिला.
तिला काही लागलं नाही.
नसती थेरं नकोत म्हणाली.
आठवड्याने शिडीचा ओला दांडा धरताना
तिचंही बोट झिणझिणलं, अंगठीखालचं.
मग आम्हाला फोन.

टूसॉन. ऑगस्ट. संध्याकाळचे सहा वाजले तरी
भिंती दुपार ओकत होत्या.
ओफेलिया ब्राकामोंते, साठीची, माझी उस्ताद,
कुठल्याही तलावाशी गेली की आधी एवढंच विचारते:
"आत कुणी नाही ना?"
आणि मग मला: "हात खिशात."

संशय दिव्यावर. पाण्याखालचा, गोल,
भिंतीत बसवलेला, रात्री जागणारा.
"लावला की ब्रेकर पडायचा," लोरीन सांगू लागली,
"रोज. शेवटी व्हर्ननेच तो काढून साधा बसवला.
त्यानंतर एकदाही पडला नाही."
व्हर्न मार्चमध्ये गेला.
ओफेलिया काही बोलली नाही.
तिने पेटीचं झाकण हळू टेकवलं,
दुखवट्याच्या घरातून निघताना दार लोटतात तसं.

मुख्य खटका पाडून दिवा वर ओढला.
काचेच्या आत दोन बोटं पाणी,
तांबेरलेला स्क्रू, एक मेलेला रातकिडा.
झालं, सापडला चोर!
मी बिलाचं पुस्तक काढलं.
ओफेलियाने मीटरची एक तार पाण्यात सोडली,
दुसरी ओल्या फरशीला टेकवली.
दोन पूर्णांक आठ.

दिवा तर माझ्या मांडीवर होता.
घर अंधारात. फ्रिज गप्प, एसी गप्प,
शेजारचं कुत्रं तेवढं चालू.
तिने मीटर झटकला, पुन्हा टेकवला.
दोन पूर्णांक आठ.

बिलाचं पुस्तक मी परत खिशात घातलं.

"गल्लीत घरं किती?" तिने विचारलं.
अकरा.
अकरा घरांत वीज येते, कामं करते,
आणि तिलाही परत जायचं असतं.
खांबावरचा परतीचा सांधा गंजला असेल
तर ती मातीतून निघते,
कुंपणांखालून, निवडुंगाच्या मुळांशेजारून,
वाटेत एखाद्याच्या तलावात पाय बुडवून.

शिडीच्या बुडाशी आम्ही खणलं.
वीतभर खाली तांब्याची तार, हिरवी पडलेली,
टोक साफ कापलेलं.
नवी शिडी बसवताना व्हर्नने काँक्रीट कापलं होतं,
करवतीला काय कळतं काय कापलं ते.

"ही तार दिव्यासाठी नाही," ओफेलिया मला म्हणाली,
"ही पंगत बसवते.
शिडी, कठडा, पंप, काँक्रीटमधल्या सळया, पाणी,
सगळे एका पाटावर.
कुणाचं पान उंच नाही, कुणाचं खाली नाही.
मग माणूस मध्ये हात घालो,
त्याच्यातून कुणाला कुठे जायचंच नसतं."

तार जोडली, पकड आवळली.
शून्य पूर्णांक शून्य.
तरी तिने तलावाभोवती दोरी बांधली:
खांबाचं काम वीजकंपनीचं,
ब्रेकर नवा येईल, दिवाही,
तोवर पाण्यात बोटसुद्धा नाही.

लोरीन दोरीकडे बघत राहिली.
"व्हर्न सगळं स्वतः करायचा."
ओफेलियाने शिडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली.
"पक्की बसवलीय," ती म्हणाली.
एवढंच. आणि ते खरं होतं.

नवव्या दिवशी दिवा लावायला मी एकटाच गेलो.
खांबावर चकचकीत सांधा, पेटीत योग्य ब्रेकर.
बटण दाबून तो पाडला, पुन्हा चढवला, पुन्हा पाडला,
लोरीनलाही पाडायला लावला.
टोबिन पायरीवर बसून होता.
त्याने आधी कोपर बुडवलं, वाट पाहिली.
"चावतं?"
"कळत नाही," तो म्हणाला.
कोपर वर करून दाखवलं:
खपली पडून गेली होती, खाली नवी गुलाबी कातडी.
आमचं सगळ्यात चांगलं मीटर
बरं झालं होतं.